रानवाटा : सामुदायिक पदभ्रमंतीची पूर्वतयारी आणि शिस्त



शनिवार-रविवारची सुट्टी साधून डोंगरात जाण्याची आवड आपल्या तरुणांमध्ये वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. रत्नागिरी जिल्ह्याला पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत लाभली आहे. पाठीवर पिशवी टाकून चालू लागावे, एवढेच त्यासाठी पुरेसे आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु या डोंगरातील बऱ्याच वाटा आज बुजलेल्या आहेत. नकाशावर रेघ दिसते आणि प्रत्यक्षात समोर कारवीचे रान उभे असते. अशा ठिकाणी हौस उपयोगी पडत नाही, माहिती आणि शिस्त उपयोगी पडते. या वाटा कोणाच्या होत्या, त्या का बुजल्या आणि त्यांवरून गटाने सुखरूप कसे जाऊन यावे, याची माहिती देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

वाटा कोणी पाडल्या?

सह्याद्रीतील घाटवाट कोणा सरकारने आखलेली नाही. ती पायांनी पडलेली आहे. खाली कोकणात बंदरे आणि वर देशावर बाजारपेठा, यांच्यामध्ये माल नेण्यासाठी माणसे आणि बैल ज्या ज्या ठिकाणाहून चढू शकले, तेथे वाट झाली. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात. मिरची, गूळ, तंबाखू, कांदा खाली येई.

या वाटांचे वय फार मोठे आहे. त्याचा भक्कम पुरावा म्हणजे वाटांच्या दोन्ही टोकांना असलेली लेणी होत. दापोली तालुक्यात कोटजाई आणि धाकटी या नद्यांच्या संगमाजवळ पन्हाळेकाजी येथे २९ लेणी आहेत. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक राहिलेले म. न. देशपांडे यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला व तो ग्रंथरूपाने १९८६ साली प्रसिद्ध झाला. तेथील सर्वांत जुनी लेणी बौद्ध आहेत. पुढे वज्रयान पंथाच्या मूर्ती आल्या आणि त्यानंतर नाथ संप्रदायही तेथे नांदला. खेड आणि चिपळूण येथेही लहान लेणी आहेत. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पुढे गेले की कऱ्हाड लागते. कऱ्हाडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. कऱ्हाडच्या दानशूर माणसांची नावे मध्य भारतातील भारहुतच्या स्तूपावर कोरलेली सापडतात. खाली लेणी, वर लेणी आणि मध्ये घाट, ही मांडणी योगायोगाची नाही. व्यापारी तांडे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने भिक्खूही गेले. तांड्यांना रात्रीचा आसरा हवा होता आणि भिक्खूंना दानाचा आधार हवा होता.

वाटांची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना ठाऊक असली पाहिजे. परक्या माणसाला गावाच्या शिवेपासून पुढच्या शिवेपर्यंत वाट दाखवणे, अंमलदाराचे ओझे वाहून नेणे, सरकारी टपाल व खजिना पोहोचवणे ही कामे पूर्वी गावकीने महार समाजावर लादलेली होती. वेळीअवेळी हाक आली की जावे लागे. त्याचा मोबदला मिळेलच, याची खात्री नसे. कोकणात त्यात खोताच्या वेठीची भर होती. वतनाच्या या बेडीतून समाजाला सोडवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. प्रत्यक्षात खोती १९४९ च्या कायद्याने व कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. तात्पर्य, या रानवाटा आपल्या पूर्वजांना तोंडपाठ होत्या, पण ते ज्ञान हौसेतून आलेले नव्हते. आज आपण त्याच वाटेवर आपल्या मर्जीने आणि आपल्या आनंदासाठी चालतो, हा फरक लहान नाही.

वाटा का बुजल्या?

वाट जिवंत राहते ती रोजच्या वापराने. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसात जे वाढते ते तुडवायला आणि तोडायला कोणी नसेल, तर दोन-तीन वर्षांत वाट दिसेनाशी होते.

पहिले कारण म्हणजे मोटाररस्ते. कुंभार्ली आणि आंबा घाटातून गाड्या धावू लागल्यावर आजूबाजूच्या पायवाटांवरची वर्दळ आटली. दुसरे कारण म्हणजे उठलेली गावे. १९६० च्या दशकात कोयना धरण पूर्ण झाले आणि शिवसागर जलाशयाखाली खोऱ्यातील अनेक गावे गेली. ज्या गावांकडे वाटा जात होत्या ती गावेच उरली नाहीत. पुढे कोयना अभयारण्य (१९८५) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) झाले, तेव्हा आतील आणखी काही वस्त्यांना बाहेर यावे लागले. तिसरे कारण आपल्या घरातलेच आहे. वाडीतील तरुण मुंबईला गेले, गुरे कमी झाली, लाकूडफाटा आणि गवत आणायला रानात जाणारे पाय थांबले. चौथे कारण म्हणजे दरडी. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून माणसे दगावली. अशा पावसात डोंगरातील कित्येक जुन्या वाटाही ढासळून जातात.

रिकाम्या झालेल्या वाटेवर प्रथम शिरतात ती घाणेरी आणि रानमोडी. ही दोन्ही झुडपे परदेशातून आलेली असून गुरे त्यांना तोंड लावत नाहीत. डोंगराच्या वरच्या अंगाला कारवी असते. ती साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. मग त्या बियांची नवी रोपे इतकी दाट उठतात की मध्ये हात घालता येत नाही. जोडीला करवंदीच्या जाळ्या, शिकेकाईचे काटेरी वेल आणि खाजकुयली आहेच. खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगेवरची लव वाऱ्यानेही अंगावर येते. ती चोळू नये. ओले शेण किंवा चिखलाचा लेप लावून, वाळल्यावर काढून टाकावा, हा जुन्या माणसांचा उपाय आहे. मात्र जखम असलेल्या जागी तो करू नये. चिकटपट्टी चिकटवून लव उपटून काढणे हा स्वच्छ उपाय होय.

डोंगराची रचना समजून घ्या

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. म्हणून त्याची चढण पायऱ्यांसारखी आहे. खालून सोंडेने चढत गेलो की एक सपाट, दाट झाडीचा टप्पा लागतो. त्याला पदर म्हणतात. पदराच्या मागे उभा कडा असतो आणि कड्यातून वर जायला एखादी नाळ किंवा खिंड असते.

गट चुकतात ते बहुधा पदरात. सोंडेवर वाट एकच असते, नाळेतही एकच असते. परंतु पदरात गुरांच्या वाटा, शिकाऱ्यांच्या वाटा, ओढ्याकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींत मिसळतात. वर झाडी असल्याने कडा दिसत नाही. मोबाइलची रेंज जाते. जी.पी.एस. चालत असले तरी ते जागा दाखवते, झाडीत दडलेली नाळेची सुरुवात दाखवत नाही.

वाट चुकल्याचे लक्षात आले की प्रथम थांबावे. शेवटची खात्रीची खूण कोठे होती ते आठवावे आणि सर्वांनी मिळून तेथवर परत जावे. सर्वांत घातक विचार म्हणजे “ओढ्याने खाली उतरू, कुठेतरी गाव लागेलच.” सह्याद्रीतील ओढा थराथराने खाली उडी घेतो. उतरणारा माणूस एक-दोन लहान टप्पे कसाबसा उतरतो आणि तिसऱ्या ठिकाणी उभ्या कड्याच्या तोंडाशी येतो. तेथून पुढे जाता येत नाही आणि मागे चढता येत नाही. ही एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने पक्की ध्यानात ठेवावी.

केव्हा जावे?

भगवान बुद्धांच्या काळी भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. हिरवे कोंब आणि लहान जीव त्यांच्या पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली. तेव्हा बुद्धांनी पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. तोच आपला वर्षावास. या नियमात करुणा आहे, तसेच व्यवहारही आहे. कोकणातल्या रानवाटेला तो आजही तंतोतंत लागू पडतो. जून ते सप्टेंबर या काळात दगडावर शेवाळ असते, ओढ्याला अर्ध्या तासात लोंढा येतो, धुके उतरले की दहा हातांवरचे दिसत नाही. बुजलेल्या वाटांवर या काळात गट नेऊच नये.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला तरी लगेच निघण्याची घाई करू नये. तेव्हा गवत पुरुषभर उंच असते आणि ऊनही कडक असते. गवत वाळून पडले की, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून, वाट दिसू लागते. डिसेंबर व जानेवारी हे महिने उत्तम. फेब्रुवारीनंतर वरचे झरे आटतात आणि वणव्याची भीती सुरू होते.

गटाची बांधणी

बुजलेल्या वाटेसाठी १२ ते १५ जणांचा गट पुरेसा आहे. चाळीस-पन्नास जणांची सहल अशा ठिकाणी नेऊ नये. मोठा गट लांबतो, आवाज पोहोचत नाही आणि मधला माणूस कोणत्याच प्रमुखाच्या नजरेत राहत नाही.

पुढे वाटाड्या आणि त्याच्या मागे गटप्रमुख असावा. सर्वांच्या शेवटी एक अनुभवी, दमदार सभासद असावा आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवायचा असतो. तो दमला असेल तर त्याला पुढे, वाटाड्याच्या मागे आणावे. म्हणजे त्याला मागे पडल्यासारखे वाटत नाही आणि बाकीचे आपोआप त्याच्या चालीने चालतात. “तुम्ही बसा, आम्ही वर जाऊन येतो,” असे म्हणून कोणालाही एकटे मागे ठेवू नये. थांबवायचेच असेल तर त्याच्यासोबत दोघे थांबावेत.

दर अर्ध्या तासाला व प्रत्येक फाट्यावर मोजणी करावी. प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि क्रमाने तो मोठ्याने म्हणायला लावावा. दोघांमध्ये दोन-तीन हातांचे अंतर ठेवावे, म्हणजे पुढच्याने सोडलेली फांदी मागच्याच्या डोळ्यावर येत नाही. कोयता फक्त वाटाड्याच्या आकडीला असावा. हौसेने झाडे तोडत जाऊ नये. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असावी. तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी, हा संकेत सर्वांना आधी सांगून ठेवावा.

वेळेचा हिशोब निघण्यापूर्वीच करावा. मोकळ्या वाटेवर तासाला तीन-चार किलोमीटर चालता येते. कारवीत तासाला एक झाले तरी पुष्कळ झाले. डिसेंबरात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते. सकाळी सातला निघाला असाल तर दुपारी साडेबारा ही परतीची वेळ ठरवावी. त्या वेळेपर्यंत माथा आला नाही तर तो समोर दिसत असला तरी मागे फिरावे. हा निर्णय गटप्रमुखाचा असेल आणि त्यावर चर्चा होणार नाही, हे आधीच सर्वांनी मान्य केलेले असावे.

वाटाड्या आणि त्याचा मोबदला

बुजलेल्या वाटेवर गावातील माणूस सोबत घेतल्याशिवाय जाऊ नये. धनगरवाड्यातील गुराखी किंवा पायथ्याच्या वाडीतील वयस्क माणूस यांच्याइतकी माहिती कोणत्याही पुस्तकात नाही. आदल्या दिवशी दोघांनी जाऊन त्यांना भेटावे, यंदा वाट मोकळी आहे का, पाणी कोठे आहे, मोहोळ कोठे आहे हे विचारावे.

आणि मोबदला तेव्हाच ठरवावा. दिवसभराच्या मजुरीपेक्षा कमी देऊ नये आणि गावी परतताच रोख द्यावा. आपल्यासोबत त्यांना जेवायला बसवावे. “काका”, “दादा” म्हणून हाक मारावी. ज्या समाजाच्या माणसांना शतकानुशतके वाट दाखवण्याचे काम फुकट करावे लागले, त्या समाजाच्या मुलांनी दुसऱ्याकडून हे काम फुकट किंवा घासाघीस करून घेऊ नये. एखाद्याचा गरिबीमुळे घेतलेला फायदा ही वेठच असते, तिला कोणतेही नाव दिले तरी.

अंगावर आणि पिशवीत काय असावे?

पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण लांबीची विजार आणि विजारीची टोके मोज्यांत खोचलेली. चांगली पकड असलेले बूट. चपला घालून येणाऱ्यास गटात घेऊ नये. प्रत्येकी तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे, एक टॉर्च आणि तिच्या जादा बॅटऱ्या. गटासाठी एक दोर, प्रथमोपचाराची पेटी, मीठ-साखरेची पुडी आणि मोठी चादर; ती दोन काठ्यांना बांधली की डोली होते. प्लास्टिकचा प्रत्येक कागद परत आणावा.

धोके आणि उपाय

साप. आपल्याकडे विषारी सापांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे प्रमुख. रत्नागिरीच्या कातळावर फुरसे विशेष आढळते. ते लहान, मातकट रंगाचे असते व दगडाखाली बसते. म्हणून दगडावर बसण्यापूर्वी काठीने आपटावे, न दिसणाऱ्या खाचेत हात घालू नये. दंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. माणसाला चालू देऊ नये. दंशाचा हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवावा, डोली करून खाली आणावे व सरकारी रुग्णालयात न्यावे. वरील चारही सापांवर एकच लस चालते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

विंचू. कोकणातील लाल विंचवाचा दंश प्राणघातक ठरू शकतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून त्याचे मृत्यू पुष्कळ घटले. दंशानंतर घाम फुटणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आग्या मोहोळ. कडे, किल्ले आणि लेणी ही यांची आवडती ठिकाणे. अत्तर लावू नये, शेकोटीचा धूर करू नये, आरडाओरडा करू नये. माश्या उठल्या तर तोंड झाकून तेथून शक्य तितक्या दूर पळावे.

गोचिड आणि कीटक. १९५७ साली कर्नाटकात प्रथम आढळलेला माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात आला आहे. तो गोचिडांमुळे होतो. स्क्रब टायफस हा ताप झुडपांतील बारीक किड्याच्या चाव्याने होतो. चाव्याच्या जागी काळी खपली दिसू शकते. वेळेवर ओळखला तर तो साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून सर्वांग तपासावे. तीन आठवड्यांच्या आत ताप आल्यास “मी रानात जाऊन आलो होतो” हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. या एका वाक्याने निदान लवकर होते.

वन्य प्राणी. वरच्या जंगलात गवा, अस्वल आणि बिबट्या आहेत. हळू आवाजात बोलत चालल्यास ते आपणहून बाजूला होतात. गवा दिसल्यास थांबून त्याला वाट द्यावी, फोटोसाठी पुढे जाऊ नये.

परवानगी

कोयना आणि चांदोली मिळून जानेवारी २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे. कोयना व चांदोलीचा समावेश २०१२ साली जागतिक वारशात झाला. खेडच्या चोरवणेवरून नागेश्वर-वासोट्याकडे किंवा संगमेश्वरच्या शृंगारपूरवरून प्रचितगडाकडे जाणाऱ्यांनी वन्यजीव विभागाची परवानगी आधी घेतली पाहिजे. विनापरवाना प्रवेश हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

सुरुवात कोठून करावी?

पहिल्या वर्षी पन्हाळेकाजीला जावे. वाट कठीण नाही आणि पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रांगेने चालणे, मोजणी, वेळ पाळणे यांचा सराव तेथे करावा. दुसऱ्या वर्षी खेड तालुक्यातील रसाळगडावर जाऊन यावे. गडावर झोलाई देवीचे मंदिर आणि जुन्या तोफा आहेत. या दोन सहली नीट पार पडल्या की मग रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही दोन दिवसांची चाल हाती घ्यावी. मधला सुमारगड दाट रानात आहे आणि त्याची वाट वाटाड्याशिवाय सापडणे कठीण. या लेखात सांगितलेले सर्व नियम तेथे एकाच दिवसात कसाला लागतात.

शेवटी एक सूचना. आपापल्या गावातील वृद्धांना या दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी भेटावे आणि घाटावर जायच्या वाटा, त्यांवरचे झरे, विसाव्याचे दगड, खिंडींची नावे वहीत लिहून घ्यावीत. वाट बुजली तरी पुन्हा मोकळी करता येते. तिची माहिती असलेले शेवटचे माणूस गेले की ती कोठे होती हेही कळत नाही. अशा वह्या संस्थेकडे जमा झाल्या, तर पुढच्या पिढीच्या गटाला रानात शिरताना त्यांचा आधार होईल.